बटईच्या रेकॉर्डी

आसगाव, ता. पवनी
९ जून २०२४

प्रिय मधुकर,
राम राम.

तू फोन उचलत नाही म्हणून हे पत्र. तीन दिवसांत अकरा वेळा लावला. दोनदा कामिनीनं उचलला, म्हणाली का मामाजी धानाच्या बांधीत गेले आहेत. आता मले सांग, पाण्याचा थेंब नाही, आभाळात ढग नाही, आनं बहात्तर वर्षांचा माणूस भर दुपारी बांधीत काय करून राहिला? दोन सालांपासून तुहं हेच आहे. मोबाइलनं डोकं दुखते म्हणतो आनं पोस्टकार्डं मात्र धडाधड लिहितो. आमचा पोस्टमन बाबूलाल मले इचारते का काका, आजच्या जमान्यात हे कार्ड लिहिणारं कोण आहे? मी सांगतो, सिहोऱ्याचा एक बैताड आहे.

बातमी अशी का आपली ‘हिरवा कोट’ रेकॉर्ड नव्यानं निघाली. नात प्रतिक्षा पुण्याहून सुट्टीवर आली. आल्या आल्या म्हणाली, आबाजी, डोळे मिटा. मिटले. उघडतो तं तोच गडी, तोच हिरवा कोट, तीच क्लॅरिनेट तोंडाले लावलेली, पण कव्हर कोरं करकरीत. परदेशातल्या कोण्या लहानशा कंपनीनं मूळ टेप शोधून काढल्या, साफ केल्या आनं रेकॉर्ड पुन्हा काढली. हातात घेतली तं आपल्या जुनीच्या दीडपट वजन. सोबत बारा पानांची पुस्तिका. मी डिक्शनरी घेऊन दोन दिवस तेच वाचत बसलो.

पोट्टीनं इचारलं का आबाजी, पवनी तालुक्यातल्या माणसाले जॅझ भेटलं तरी कुठून? इतक्या सालांत घरातल्या कोणी इचारलंच नव्हतं. मंग सांगतलं सारं. खाणीचा दवाखाना, मी तिथं कंपाउंडर. डॉक्टर पिंटोसाहेब संध्याकाळी बंगल्यात रेकॉर्डी लावत, आनं मी औषधाची चिठ्ठी समजून घ्यायच्या निमित्तानं तिथंच रेंगाळत होतो. तू दर सोमवारी हलरवर भरडलेला तांदूळ घेऊन येत होता आनं पोतं उतरवून झालं तरी व्हरांड्यातून हलत नव्हता. साहेब एकोणऐंशीत गोव्याले परत निघाले तेव्हा म्हणाले, ही पेटी तुम्हा दोघांची, हिले फोडू नका. तुह्याजवळ जमीन होती, माह्याजवळ नव्हती, पण बटई म्हणजे काय ते दोघांलेही समजत होतं. मंग चाळीस रेकॉर्डींचे दोन वाटे. वीस तुह्या घरी, वीस माह्या घरी, आनं दर अक्षय तृतीयेले वाटे बदलायचे. ज्याच्या घरी वाजली त्यानं कशी वाजली ते दुसऱ्याले कळवायचं, हा नेम. नंतर आपण दोघांनी नागपूरच्या जुन्या बाजारातून आणखी बावीस जमवल्या, पण नेम तोच राहिला. हे आयकून प्रतिक्षाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यात रडण्यासारखं काय होतं, मले काही समजलं नाही.

आता काम सांगतो. मी नवी रेकॉर्ड चार वेळा आयकलो आनं ठरवलं का हे पहिलं साल तुह्या वाट्याचं. भय्याजी कंडक्टरजवळ देऊन राहिलो, चंद्रकुमारले तुमसरच्या स्टँडवर पाठव. पहिल्या बाजूचं तिसरं गाणं नीट आयक. एक गोष्ट बदलली आहे. कोणती ते मी सांगणार नाही. हलरचं बेरिंग जाणार हे जो माणूस रस्त्याच्या पलीकडून सांगत होता, त्याले काय सांगायचं? ओळख आनं लिही.

आनं हो, पुस्तिकेत मागं जाड सूर धरणाऱ्या बासवाल्याचं नाव आहे. जुन्या कव्हरवर छापलंच नव्हतं. ऑर्विल टेट. सारी जिंदगी तू त्याले हलरचा ढिल्ला पट्टा म्हणत आला. आता निदान नावानं शिव्या दे.

गुडघे कसे आहेत? दोन अक्षय तृतीया झाल्या, भंडाऱ्याच्या स्टँडवर तू आला नाही, कामिनीच पेटी घेऊन आली. तुह्याशिवाय स्टँडवरचा चहा गोड लागत नाही.

तुहा,
परसराम

•

सिहोरा, ता. तुमसर
२१ जुलै २०२४

प्रिय परसराम,
जय भीम.

उशीर झाला, मान्य. रोवणी चालू आहे. पऱ्ह्यांतली धानाची रोपं उपटायले बाया भेटत नाहीत, भेटल्या तं पाणी भेटत नाही, दोन्ही भेटलं तं चंद्रकुमारचा ट्रॅक्टर बंद पडते. त्यात तुह्या पत्राले कधी बसू?

रेकॉर्ड पोहोचली. पाहून आमची सुंदरबाई म्हणाली, इतके दिवस या कोटवाल्याचं तोंडच दिसत नव्हतं, आता दिसलं तं चांगला घरचा वाटते. मी दोनदा आयकलो. काय सांगू बाप्पा. क्लॅरिनेट अशी वर गेली का जशी बोडीच्या पाण्यावरून बगळ्याची जोडी उठते, एक आधी आनं एक मागून. त्या माणसाच्या फुंकीत काही जादूच आहे. तिसऱ्या गाण्याले आपला टक् आला तं मले हासू आलं. म्हटलं नवी असो का जुनी, टक् जिथल्या तिथं आहे, आनं सुई आपली उडी मारून पुढं गेली.

काय बदललं म्हणतो? मले वाटते फोटो मोठा केला, आनं मागचं लिखाण आता पांढऱ्यावर काळं आहे, आधी काळ्यावर पांढरं होतं. बरोबर ना? मले फसवायले निघाला होता.

तुह्या टेटले माहा नमस्कार सांग, पण पट्टा तो पट्टाच. क्लॅरिनेट गाते, तो मागं ढब ढब करत चालते. बैलाच्या मागं चालणाऱ्याले कोणी गवई म्हणत नाही. पंचेचाळीस सालांत तू मले हे पटवू शकला नाही, आता एका पुस्तिकेनं पटवून राहिला.

फोनचं म्हणतो तं डोकं खरंच दुखते. पत्र बरं. पत्रात माणूस इचार करून बोलते.

तुहा,
मधुकर

•

आसगाव
३० जुलै २०२४

मधुकर,

तुह्या पत्रानं मले दोन दिवस जेवण गेलं नाही. सरळ लिहितो. तू रेकॉर्ड लावलीच नाही.

नव्या रेकॉर्डवर टक् नाही. तोच तं बदल होता. मूळ टेपवरून काढली आहे, आपला टक् तिच्यावर कुठून येईन? एक्याऐंशी साली तुह्या घरी तुहा आनं माहा हात एकाच वेळी सुईवर पडला आनं खर्र करून ओरखडा उठला, तो आपल्या जुन्या रेकॉर्डवर आहे, त्यांच्या टेपवर नाही. तिथं सुई आता उडी मारत नाही. आपण त्रेचाळीस सालांपासून जे आयकलं नाही ते आता तिथं आयकू येते. ते काय आहे हे मी तुले सांगायले तडफडत होतो. आता सांगत नाही. ज्याले आयकायचंच नाही त्याले सांगून काय?

रागात मी तुही जुनी पत्रं काढली. मी सारी ठेवतो हे तू विसरला असशील. बोडीच्या पाण्यावरून बगळ्याची जोडी, एक आधी एक मागून. चौऱ्याण्णव साल, नोव्हेंबर महिना, हिरवा कोट. शब्दाले शब्द. मंग मागच्या दोन सालांची पत्रं लावून पाहिली. सारी उतरवलेली आहेत मधुकर. ब्याऐंशीतलं एक, अठ्ठ्याऐंशीतली दोन, एक तं माह्याच पत्रातलं वाक्य. तू दर पत्र आधी कच्च्या वहीत लिहितो, त्याच जुन्या वहीतून पाहून लिहीत होता आनं मी इथं वाचून खूष होत होतो.

तुले कंटाळा आला असेल तं तसं लिहायचं होतं. माणसाले कंटाळा येते. का नव्या घरात रेडिओग्रामले जागा राहिली नाही? का चंद्रकुमारले आवडत नाही? का आता म्हातारपणी कोणी म्हणून राहिलं का आसगावच्या जय भीमवाल्या माणसासोबत कायले हे लचांड? मी कधी असा इचार केला नव्हता, पण तू करायले लावला.

माही सुमनबाई गेली तेव्हाची गोष्ट मी तुले कधी बोललो नाही. पुण्यानुमोदन झालं, पाहुणे गेले, घर खायले उठलं. दुसऱ्या दिवशी तू सकाळच्या गाडीनं आला. हिरवा कोट त्या साली तुह्या वाट्यात होता, नेम मोडून घेऊन आला. लावली, बाजू संपली तं पलटवली, संध्याकाळच्या गाडीनं गेला. लोक मले सांगत होते का दुःख आवर. तू एकटा होता ज्यानं मले आवरायले सांगतलं नाही. त्या दिवसापासून मले वाटत आलं का जगात आता माहं हे एक माणूस आहे.

त्याच माणसानं माह्याशी खोटं बोलावं हे मले सहन होत नाही. येत्या अक्षय तृतीयेले बटई मोडू. तुह्याकडच्या एकतीस तू ठेव, माह्याकडच्या मी ठेवतो. नाही तं साऱ्याच पाठवून दे.

परसराम

•

सिहोरा
५ सप्टेंबर २०२४

आदरणीय काकाजी,
सादर प्रणाम.

मी कामिनी, चंद्रकुमारची बायको, तुमच्या मित्राची सून. तुम्हाला पहिल्यांदाच पत्र लिहीत आहे, चुकलं तर पोर म्हणून माफ करा. हे पत्र मामाजींना न सांगता लिहीत आहे.

तुमचं पत्र आलं त्या दिवसापासून मामाजी बोलत नाहीत. पत्र त्यांनी कोणाला दाखवलं नाही, बंडीच्या खिशात ठेवलं. पोळ्याला बैल सजवायला बाहेर आले नाहीत, असं कधी झालं नव्हतं. काल बंडी धुवायला काढली तेव्हा मी पत्र वाचलं. वाचायला नको होतं, पण वाचलं.

काकाजी, मामाजींना ऐकू येत नाही.

दोन वर्षं झाली. आधी उजवा कान गेला, मग डावा. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की चाळीस वर्षं हलरजवळ उभं राहिल्यानं आतल्या नसा गेल्या, आता परत येणार नाहीत. कानाचं मशीन घेतलं. पहिल्या दिवशी मशीन लावून त्यांनी हिरवा कोट लावला. पाच मिनिटं ऐकलं आणि म्हणाले, हा तर टिनपत्रा कापून राहिला. मशीन काढून धानाच्या कोठीत टाकलं. म्हणाले याच्यापेक्षा आठवण बरी. म्हणून ते फोन घेत नाहीत, म्हणून स्टँडवर येत नाहीत. गुडघे चांगले आहेत.

मी कितीदा म्हटलं की काकाजींना सांगा. तेव्हा जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते. म्हणाले, "परसरामले माहीत झालं तं तो आपल्या घरी रेकॉर्ड लावणं बंद करीन. मले आयकू येत नाही म्हणून तोही आयकणार नाही. सुमनबाई गेल्यावर त्याले तेवढंच उरलं आहे, ते माह्यापायी जायले नको." म्हणून जुन्या पत्रांची कच्ची वही काढून त्यातलं लिहायचे. लिहून झालं की मला वाचायला द्यायचे, जमलं का विचारायचे. मीही जमलं म्हणत होते. माझीही चूक आहे.

पण रेकॉर्ड लावली नाही असं तुम्ही लिहिलं, ते खरं नाही. रोज पाच वाजता लावतात. स्वतः पुसतात, स्वतः ठेवतात, समोर खुर्ची घेऊन बसतात आणि फिरताना पाहतात. बाजू संपली की मी हातानं खूण करते. मागच्या महिन्यात एक दिवस सुई टेकलीच नव्हती, वरच्या वर राहिली होती. रेकॉर्ड नुसती फिरत होती आणि मामाजी मान डोलवत होते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. सांगायची हिंमत झाली नाही. ती बाजू तशीच पूर्ण झाली.

आता त्यांनी मला एकतीस रेकॉर्डी बांधायला सांगितल्या आहेत. मी आज उद्या करून दिवस ढकलत आहे. तुम्ही मोठे आहात, काय करायचं ते तुम्हालाच समजेल. मी लिहिलं हे मात्र त्यांना कळू देऊ नका.

तुमची,
कामिनी

•

आसगाव
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय मधुकर,
राम राम.

माह्या मागच्या पत्रावर रेघ मार. फाडून टाक, चुलीत घाल. चूक माही होती.

झालं असं का मी त्या दिवशी प्रतिक्षाच्या लहानशा डब्ब्यावर आयकलो होतो. परवा गावातले धर्मेंद्र शिक्षक आले, त्यांच्या चांगल्या मशीनवर प्रतिक्षानं फोनवर पाठवलेली रेकॉर्डची नक्कल लावली, तं काय, टक् आहे. बारीक आहे, पण आहे. परदेशी लोकांकडूनही राहून गेला असेल. आता माह्याच कानाले कमी येऊन राहिलं, दुसरं काय. म्हातारपण कोणाले सुटलं? तू बरोबर होता, मी उगाच भडकलो.

बगळ्यांचंही तसंच. चांगलं वाक्य दोनदा लिहिलं तं काय बिघडलं? आपण गाणंही तं दोनदा आयकतो.

तं बटई कायम. रेकॉर्डी बांधू नको. रोज लावत राहा आनं मले लिहीत राहा, जसं सुचन तसं. नाही सुचलं तं नुसतं लावली इतकं लिही. मले तेवढं पुरते.

धान गर्भात आलं असेल. तब्येतीले जप.

तुहा,
परसराम

•

सिहोरा
६ ऑक्टोबर २०२४

प्रिय परसराम,
जय भीम.

तुले खोटं बोलता येत नाही. दवाखान्यातही येत नव्हतं. सुई दुखणार नाही म्हणत होता तं लेकरं आधीच रडायले लागत होती.

नव्या रेकॉर्डवर टक् नाही. मले पक्कं माहीत आहे. तुहं रागाचं पत्र आलं त्या दिवशी मी दोन्ही रेकॉर्डी मांडीवर घेतल्या आनं नखं फिरवून पाहिलं. जुनीवर नख अडकते, नवी गुळगुळीत आहे. मंग तू कायले लिहितो का टक् आहे? एकच कारण. तुले समजलं. कामिनीनं सांगतलं असेल. ती नाही म्हणते, आनं नाही म्हणताना पदराचं टोक पिळते. तिले मी काही बोललो नाही, तूही बोलू नको. चांगली पोरगी आहे.

हो, बहिरा झालो. लिहायले लाज वाटून राहिली पण लिहिलं. तुले फसवलं, त्याची माफी मागतो. मी भ्यालो होतो परसराम. तुले ओळखतो. माहा घास बंद झाला का तू आपलं ताट सरकवणारा माणूस आहे. म्हणून जुन्या पत्रांतून उचलून उचलून लिहिलं. ते लिहिताना वाईट वाटत होतं, पण एक सांगू? चौऱ्याण्णवचं पत्र उतरवताना मले क्लॅरिनेट थोडी थोडी आयकू येत होती. तेवढ्यासाठीही लिहीत होतो.

आता पुढची गोष्ट आयक, याच्यासाठीच हे पत्र आहे. तू बटई मोडली म्हटल्यावर मी ठरवलं का रेडिओग्राम कोपऱ्यात सरकवून वरून चादर घालायची. तुहं माफीचं पत्र यायच्या दोन दिवस आधी सरकवायले गेलो. मले माहीत नव्हतं का कामिनीनं त्याच्यावर नवी रेकॉर्ड लावून ठेवली आहे. आपलं भांडण कशापायी झालं ते तिले आयकून पाहायचं होतं. मी दोन्ही तळवे लाकडावर ठेवले आनं जोर लावणार, तं हातात काही चालून राहिलं. ढब. ढब. ढब. ढब. मी तसाच थांबलो. आधी वाटलं माहाच जीव धडधडून राहिला. मंग तो खाली गेला, थोडा थांबला, पुन्हा वर आला, जसा कोणी माणूस घरात इकडून तिकडं चालते. कामिनीकडे पाहिलं. ती रडून राहिली होती. मी इचारलं, हे कोण आहे? तिनं पुस्तिका उघडली आनं बोट ठेवलं. ऑर्विल टेट.

मले क्लॅरिनेट येत नाही. एक सूर नाही. ज्याच्यासाठी मी सारी जिंदगी तुह्याशी भांडलो ती गेली, आनं ज्याले शिव्या दिल्या तो माह्या हातात राहिला. आता रोज पाच वाजता तळवे ठेवून बसतो. सुंदरबाई म्हणते, पेटीले आशीर्वाद देऊन राहिले काय? तुहा बास खरा होता परसराम. लेखी लिहून देतो, सांभाळून ठेव, पुन्हा लिहिणार नाही.

एकच मागणं आहे. तू आयकणं सोडू नको. आनं त्या टक् च्या जागी काय आहे ते सांग. तू म्हणाला होता सांगणार नाही. आता सांग.

तुहा,
मधुकर

•

आसगाव
१८ ऑक्टोबर २०२४

प्रिय मधुकर,
राम राम.

तुहं पत्र घेऊनच नागपूरले गेलो होतो. दीक्षाभूमीवर तिकडच्या गर्दीत एका झाडाखाली बसून तिसऱ्यांदा वाचलं. शेजारच्या माणसानं इचारलं का काका, घरी काही वाईट झालं काय? मी म्हणलो, नाही, दोस्ताचं पत्र आहे. हासत होतो आनं डोळे पुसत होतो, तो बिचारा उठून दुसरीकडे गेला.

मी आयकणं सोडणार होतो. तू बरोबर ओळखलं. कामिनीचं पत्र आलं त्या दिवशी मी माहं रेकॉर्डीचं मशीन बंद केलं, तुहं पत्र येईपर्यंत लावलं नाही. महिनाभर घरात आवाज नव्हता. आता पुन्हा चालू आहे, इतकंच सांगतो.

नवी बटई ठरवू. रेकॉर्डीचे वाटे बंद. आता वाजण्याचे वाटे. बास तुहा, क्लॅरिनेट माही. तू हातानं आयकून मले बासचं लिहायचं, मी तुले क्लॅरिनेट लिहून पाठवीन, एकेका गाण्याची, जुन्या पत्रातली नाही, त्या दिवशीची ताजी. सांभाळून घे, मले तुह्यासारखे बगळे सुचत नाहीत. पिशवीत वही घेतली आहे. बासष्ट रेकॉर्डी आहेत, दोघांलेही लवकर मरून चालायचं नाही.

आता टक् चं आयक. आधी एक्याऐंशीची आठवण. आपण तुह्या घरी बसलो होतो. तिसरं गाणं चालू होतं आनं तू सुई पुढं सरकवायले हात घातला. मी तुहा हात धरला. खर्र झालं. कशापायी धरला होता ते मले इतके साल आठवत नव्हतं, भांडण फक्त आठवत होतं. नवी रेकॉर्ड आयकली तेव्हा आठवलं.

मधुकर, तिथं क्लॅरिनेट नाही. ती वर जाते, जाते, आनं एकदम थांबते. सारेच थांबतात. पियानो थांबते, ढोलवाला थांबते. एकटा टेट चालते. तुले तेच सहन झालं नव्हतं. म्हणून तू सुई सरकवायले गेला. क्लॅरिनेट लवकर परत यावी म्हणून. त्रेचाळीस साल आपल्या टक् च्या खाली बासच दडलेला होता.

मी कंपाउंडर माणूस, नाडी मोजतो तसं मोजलं. अकरा ठोके. अकरा ठोके तो एकटा आहे, आनं बाराव्याले क्लॅरिनेट परत येते. तितक्या वेळात तुह्यापाशी काहीच कमी नाही. जितकं मले आयकू येते तितकंच तुह्या हातात येते. तिथं तू बहिरा नाही, आनं मी काही जास्त आयकणारा नाही.

तिसरं गाणं लाव. कामिनीले सांग का क्लॅरिनेट थांबली का तुह्या खांद्यावर हात ठेव. तिथून मोज.

धान कापून झालं का मी येतो. फोन करत नाही, सरळ येतो.

तुहा,
परसराम

•

पोस्टकार्ड
सिहोरा
२७ ऑक्टोबर २०२४

परसराम, जय भीम.

कार्डावर जागा कमी आहे. पहिल्या दिवशी कामिनीनं खांद्यावर हात ठेवला, मोजले, अकरा भरले. काल ती चहा ठेवायले गेली होती, मी एकटाच बसलो होतो. खांद्यावर कोणाचा हात नव्हता. बाकी सारं थांबलं ते मले तळव्यात समजलं. मी मोजायले लागलो. अकरा झाले, आनं बाराव्याले मीच मान वर केली. क्लॅरिनेट आली होती. मले माहीत आहे.

धान पिवळं झालं. लवकर ये.

मधुकर